मामांशेजारची जागा

१

माझं काम सांगायला सोपं आणि लोकांना पटायला अवघड. मी केर वाचते. फार जुन्या घराची जमीन खणून निघाली की ती हातभर चौकोनांत आखायची, एकेका चौकोनातली माती वेगळ्या पिशवीत भरायची, पाण्यात चाळायची आणि चाळणीत उरलेलं भिंगाखाली निवडायचं. कोळसा, हाडाचा चुरा, बिया, दगडाचे टवके. मग नकाशावर एका टवक्याला एक ठिपका. नवरा म्हणतो, "घरचा केर काढायचा मी आणि परक्याचा केर कवटाळायचा तू." खोटं नाही. आमच्याकडे झाडू त्याच्याच हातात असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या नकाशात सगळ्यात बोलकी जागा कुठली, तर जिथे एकही ठिपका नसतो ती. दगड फोडायला माणूस बसतो, टवके चहूकडे उडतात, काही मांडीवर पडतात, काही गुडघ्याला अडतात, आणि तो उठून गेला की जमिनीवर त्याच्या बैठकीची कोरी जागा उरते. टेकडीवरच्या एका घरात ही जागा इतकी स्पष्ट निघाली की दुमडलेला पाय ओळखू यावा. आम्ही तिला मामा म्हणायला लागलो. "जरा जपून, मामांच्या गुडघ्यावर पाय पडतोय," असं खड्ड्यात दिवसभर चालायचं. मामांच्या उजव्या हाताला आणखी एक कोरी जागा होती, लहान. तिच्याभोवतीचे टवके ओबडधोबड, चुकलेल्या घावांचे. शिकणारं पोर.

मामा पुरुष कशावरून, तर रीत. आमच्या सरांच्या काळापासून नकाशावर चुलीकडे लाल टाचण्या लागतात आणि दगडाकडे निळ्या. लाल म्हणजे बाई, निळी म्हणजे बाप्या. मामांना निळी लागली, पोरालाही निळी लागली, आणि खाली मी लिहिलं: बापलेक.

टेकडीवरची ती घरं इथल्या मूळच्या आदिवासींची. शहर नंतर आलं, आमच्यासारखे तर शहराच्याही नंतर. त्यांच्यातली एक बाई संग्रहालयात माझ्या शेजारच्या खोलीत बसते, वस्तू सांभाळायचं खातं तिच्याकडे आहे. सगळे तिला ताई म्हणतात. टाचण्या बघून ताई एकदाच म्हणाली, "बाप्या कशावरून?"

"रीतच आहे ती," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली, आणि चहा प्यायला निघून गेली.

२

संग्रहालयात त्या घरातली खोली उभी करायची ठरली, खऱ्या मापाची, आत पुतळे बसवून. त्यासाठी जमिनीचा अख्खा नकाशा फ्लेक्सवर छापून आला. ठिपके जागच्या जागी आहेत की नाही ते बघायला तो पसरायला हवा होता, आणि माझ्या कामाच्या खोलीत खुर्ची मागे सरकवायची पंचाईत. म्हणून सुट्टीच्या दिवशी घरी आणला. सोफा जिन्यात काढला, टेबल उभं केलं आणि बैठकीच्या खोलीत तो अंथरला.

मग भिंगरी आली. भिंगरी आमची लेक. नाव दुसरं आहे, पण जन्मल्यापासून पायाला भिंगरी. जेवताना एक पाय जमिनीवर, गृहपाठ उभ्याने, झोपेतसुद्धा चालणं चालू. ती फ्लेक्सवरून धावत गेली, मध्येच थबकली आणि त्या लहान कोऱ्या जागेत पाय दुमडून बसली.

"आई, यात मी मावते."

"ते पोर तुझ्याच वयाचं असेल."

"इथे गुडघा, इथे पाऊल. बघ ना, सगळं बसतंय."

मला गंमत वाटली. खरं तर जरा गर्वही वाटला, इतका नकाशा बरोबर आला होता. मी एकेक चौकोन तपासत सरकत होते आणि ती बसून होती. दुपार उतरली, मी फ्लेक्स गुंडाळायला घेतला, तेव्हा तिला उठायला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो मी परत नेऊन दिला. सोफा आत आला, टेबल आडवं झालं.

३

शाळेतून आली की भिंगरी आता बसायला लागली. सोफ्याच्या कडेला, खिडकी आणि कपाटाच्या मधे, फ्लेक्सवर जिथे बसली होती तिथेच. पाय त्याच तऱ्हेने दुमडलेले.

"एकदाची बसायला शिकली," नवरा म्हणाला. तो औषधांच्या दुकानात उभा असतो दिवसभर, त्याला बसलेल्या माणसाचं कौतुक. "नजर नको लावूस."

मी नजर लावली नाही, पण कान लावले. मी स्वयंपाकघरात असले की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा. टक्. एक भरीव, नेमका. त्याच्यामागून जरा थांबून दुसरा, हलका, चुकार. पुन्हा भरीव, पुन्हा चुकार. भाजी चिरता चिरता मी नळाला दोष दिला, मग वरच्या बिऱ्हाडाला. बाहेर डोकावलं की भिंगरी नुसती बसलेली, हात मांडीत.

एकदा तिच्या बोटावर काप दिसला. तर्जनीच्या आतल्या बाजूला, बारीक, सरळ.

"कागदानं कापलं," म्हणाली.

कागदानं कापतं तसाच होता तो. पण माझ्याही बोटावर त्याच जागी जुन्या खुणा आहेत. आमच्या धंद्यात सगळे कधी ना कधी हौसेनं दगड फोडून बघतात, आणि सगळ्यांना पहिला काप तिथेच बसतो. मी पट्टी लावली आणि पुन्हा ओट्याकडे वळले. आईनं प्रत्येक गोष्टीत संशोधक होऊ नये असं मला नवऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

४

आमच्या खालचा रस्ता तेव्हा यंत्रानं कापत होते. सकाळी नवऱ्यानं केर काढला तरी दुपारपर्यंत पांढरी धूळ येऊन बसायची, सगळीकडे सारखी, पातळ. एका दुपारी मी लवकर घरी आले. बैठकीच्या खोलीत उन्हाची तिरीप आडवी पडली होती आणि त्या उजेडात जमीन नीट दिसत होती.

खिडकी आणि कपाटाच्या मधे धूळ नव्हती. दोन जागा होत्या, एक मोठी आणि तिच्या उजवीकडे एक लहान.

पडद्यामुळे वारा अडत असेल, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी पडदा काढला. पंखा बंद ठेवला. त्यानंतर सोफाही हलवला. धूळ रोज पडली, आणि रोज त्या दोन जागा सोडून पडली. मोठ्या जागेचा एक पाय दुमडलेला होता.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी खडूनं जमिनीवर चौकोन आखले, ओल्या ब्रशनं एकेका चौकोनाची धूळ टिपली, चहाच्या गाळणीत धुतली आणि भिंग लावून ओट्यावर बसले. काच निघाली. हिरवी आणि तपकिरी, बाटलीच्या बुडाची असते तशी जाड काच. तिचे टवके, दगडाचे निघतात तसेच.

टवके दोन वेगळ्या माणसांच्या हातचे होते. त्यात शंकेला जागाच नव्हती, मला पगार त्याचाच मिळतो. लहान जागेभोवतीचे टवके चेचलेले, जाडे, चुकलेल्या घावांचे. मोठ्या जागेभोवतीचे पातळ, एकसारखे, एका कोनातून अलगद सुटलेले. चुकणारा हात माझ्या मुलीचा होता. दुसरा इतका तयार होता की तसा हात मी अजून जिवंत माणसाचा बघितलेला नाही. गाळणी धुवून जागेवर ठेवली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

भिंगरी आली तशी मी तिच्यापुढे उभी राहिले.

"कोण शिकवतं तुला हे?"

"कोणी नाही."

"मग येतं कसं?"

"माझा हात धरतात." तिनं आपल्याच डाव्या हातानं उजवं मनगट मागून धरलं आणि अंगठा वर येईल इतकं हलकेच वळवलं. "असं. मग बरोबर तुटतं."

"कोण हात धरतं?"

तिनं माझ्याकडे वर बघितलं, उजेडाच्या आड आलेल्या माणसाकडे बघावं तसं. "आई, तू त्यांच्या मांडीवर उभी आहेस."

मी बाजूला झाले. विश्वास बसला होता म्हणून नव्हे. चुकून कोणाला पाय लागला की आपण होतो, तशी.

५

आता हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. काय चाललंय ते मला जेवणाच्या टेबलाशी कळलं. नवरा ताटं मांडत होता. दोन मांडली, पाण्याचे दोन पेले भरले, आणि बसला.

"तिसरं?" मी म्हटलं.

"कोण येणारे?"

भिंगरी त्याच्या कोपराशी बसली होती. त्यानं तिकडे बघितलं, मग खरंच बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "काय झालंय मला. ये गं राणी, ये." त्यानं तिला जवळ घेतलं, फार घट्ट.

शाळेतून फोन आला, मुलगी का येत नाही. "मी रोज जाते," भिंगरी म्हणाली. "बाई माझं नावच घेत नाहीत. माझ्या बाकावर दप्तरं ठेवतात सगळे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला तिनं रडायला हवं होतं.

आणि मग मीच. दळण आणि साबण आणायला मी खाली उतरले, दाराला कुलूप लावून. रस्त्यात मैत्रीण भेटली, गप्पा झाल्या, येताना फळं घेतली. किल्ली कुलपात घातली आणि तेव्हा मला आठवलं की मला मुलगी आहे. बाहेर पडताना ती माझ्या मागे घरात उभी होती, एका पायात चप्पल.

दार उघडलं. ती दाराशीच बसली होती.

"मी हाक मारली होती," म्हणाली. "पण तू ऐकू येईल एवढी थांबली नाहीस."

मी फळं तशीच टाकून तिला कुशीत घेतलं आणि ढसाढसा रडले. आयुष्यात मी बरंच काही विसरले आहे, पण हे विसरणं नव्हतं. माझ्या डोक्यात तिच्या जागी नुसती साफ जमीन होती.

"डॉक्टरांना दाखवू या," नवरा संध्याकाळी म्हणाला. "तिला नाही. आपल्या दोघांना." मग स्वयंपाकघरातून पाणी घेऊन बाहेर येताना तो खिडकी आणि कपाटाच्या मधून न जाता टेबलाला वळसा घालून आला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. मी मात्र त्या दिवसात किती वेळा तोच वळसा घातला होता, ते मला तेव्हा उमगलं.

६

संग्रहालयात खोली तयार झाली होती. बाहेर दोरी, आत मंद दिवा, मातीची जमीन. मूर्तिकारानं जीव ओतून काम केलं होतं. बाप दगड फोडतोय, लेक टक लावून बघतोय, आणि पलीकडे चुलीपाशी आई पाठमोरी. मामांच्या जागेत बाप तंतोतंत बसला होता. शेजारच्या लहान जागेत मुलगा.

ताई दोरीशी उभी होती.

"छान झालंय," मी म्हटलं.

"पुतळे चांगलेत," ताई म्हणाली. "पण तुम्ही लोकांनी तिथे बाप्या बसवलात. आता ती बसणार कुठे?"

तिनं हे अगदी साधेपणानं म्हटलं. कचेरीत एखाद्याची खुर्ची दुसऱ्याला दिली की म्हणतात तसं.

"ती कोण?"

"मला काय विचारतेस? केर तू वाचतेस."

मी माझ्या खोलीत जाऊन नकाशा काढला. टाचण्या सगळ्या उपटल्या आणि नुसते ठिपके बघितले, बहुतेक पहिल्यांदाच. कोळशाचे ठिपके चुलीपासून निघून मामांच्या डाव्या गुडघ्यापर्यंत येत होते. दगडाचे उजव्या गुडघ्यापासून सुरू होत होते. चूल आणि दगड, दोन्हींना त्या एकाच बैठकीवरून हात पुरत होता. शिजत ठेवायचं आणि तेवढ्यात धार काढायची. पलीकडे पाठमोऱ्या आईला बसवलं होतं तिथे तर कोणी बसल्याची खूणच नव्हती. लाल आणि निळ्याची रेघ आम्ही एका बसलेल्या माणसाच्या मांडीवरून ओढली होती.

मी वरपर्यंत भांडले. चुकीचं प्रदर्शन उघडलं तर लोक तोंडात शेण घालतील, असं मी म्हटलं, आणि ते कामी आलं. सुतार बोलावून बाप आणि लेक दोघांना बाहेर काढलं, पाठमोऱ्या आईलाही काढलं. नवे पुतळे होईपर्यंत जागा रिकाम्या राहू दे असं ठरलं. ताईनं मोठ्या जागेवरची धूळ हातानं झटकली आणि मागे सरली.

घरी जाताना मला हलकं वाटत होतं. चूक कळली, चूक सुधारली, विषय मिटला. माझ्यासारख्या माणसांचा एवढ्यावर विश्वास असतो.

७

मोठ्या जागेत धूळ बसली होती. सारखी, पातळ, पांढरी. मी दारातच हसले, एकटीच.

मग लहान जागा दिसली. ती स्वच्छ होती. भिंगरी तिच्या कडेला बसून बुटाच्या नाड्या बांधत होती.

"कुठे निघालीस?"

"त्या गेल्या ना," ती म्हणाली. "मलाही जायला हवं."

"का पण?"

"अजून मला नीट येत नाही, आई." मी फार साधा प्रश्न विचारला होता असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "एवढ्यात सोडलं तर हात परत बिघडतो."

ती उठून दाराकडे चालायला लागली. मी तिला धरलं. मनगट माझ्या मुठीत होतं, हे मला दिसत होतं. पण मुठीला कळत नव्हतं. मी मूठ आवळली तशी माझीच नखं माझ्या तळव्यात रुतली. मी दारातच फतकल मारली, तिला मांडीवर ओढलं आणि दोन्ही पायांचं कुंपण घातलं. ती अंग टाकून बसून राहिली, कुठलंच लहान मूल बसत नाही इतकी स्थिर. माझं तिच्याकडे लक्ष राहावं म्हणून मी तिचं खरं नाव घेत राहिले, पुन्हा पुन्हा, तोंडाला कोरड पडेपर्यंत.

नवरा कामावरून आला. जिन्यावरून मला बघून थांबला.

"अगं, एकटीच काय बसलीयस दारात?"

८

मी रात्रभर काय केलं ते सांगत नाही. सकाळी तिचा हात नवऱ्याच्या हाताला रुमालानं बांधला. "काही विचारू नकोस," म्हटलं, "आणि मी सांगेपर्यंत गाठ सोडू नकोस. काय बांधलंय ते विसरलास तरी सोडू नकोस." तो माझ्याकडे बघत राहिला, पण सोडली नाही. माणूस चांगला आहे तो.

संग्रहालयाला सुट्टी होती. ताईनं मागचं दार उघडलं, दोरी काढली आणि माझ्या हातात काचेचा एक जाड तुकडा आणि एक गोटा ठेवला. मी काही मागितलं नव्हतं.

"बसलीस की लवकर उठता येत नाही," ती म्हणाली. "शिकायला वेळ लागतो."

"किती?"

"माझी आई मला म्हणायची, जन्मभर बसलीस तरी तुला काही येणार नाही," असं म्हणून ताई बाहेर जाऊन बसली.

लहान जागा मला लहानच होती. पाय दुमडून, गुडघा आत घेऊन मी कशीबशी मावले. समोर मंद दिवा, मातीचा वास, कुठेतरी हवा खेळवायच्या यंत्राची घरघर. मला स्वतःची लाज वाटली. शिकलीसवरलेली बाई, पुतळ्यांच्या जागेत बसून वाट बघते आहे. कोणाची? मी गोटा उचलला आणि काचेवर मारला. काच चेचली.

टक्, असं माझ्या डावीकडे झालं. भरीव, नेमकं.

मी मान वळवली नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती आणि मी ती आणायचा प्रयत्नही केला नाही. "ती लहान आहे," मी समोर बघून म्हटलं. "तिला घरी राहू दे. मी शिकते."

माझ्या मनगटावर हात आला. ऊबदार होता. मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली, की तो ऊबदार होता. त्यानं मनगट वळवलं, अंगठा वर आणला आणि वाट बघितली. डोळ्याच्या कोपऱ्यात मला एक गुडघा दिसला, दुमडलेला, त्यावर बारीक पांढरी पूड, आणि पोटरीवर भाजल्याचा जुना डाग, चुलीशी बसणाऱ्या बाईला असतो तसा. त्याच्या वर मी बघितलं नाही.

मी घाव घातला. टवका सुटला, पातळ, एकसारखा.

खिशातला फोन वाजला. नवरा होता, हसत होता, धापा टाकत होता. "अगं, गाठ सोडवून पळाली कार्टी. खाली रस्त्यावर धुमाकूळ घालतेय. ऐक, ऐकू येतंय का?" मागे भिंगरी कोणाशी तरी कडाकडा भांडत होती, माझा चेंडू दे म्हणून. किती दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला. मला रडू फुटलं, मी फोन कानाशी धरून नुसती ऐकत राहिले.

"हॅलो?" नवरा म्हणाला. "हॅलो? माफ करा, आपण कोण बोलताय?"

९

घरी मी अजून जाते. दार उघडंच असतं बऱ्याचदा. नवरा केर काढतो आणि मी बसलेली असेन तिथे झाडू वळसा घेतो. भिंगरीला सर्दी झाली की त्याला औषध नीट कळतं. तिची वेणी त्याला अजून धड येत नाही, एक बाजू नेहमी सैल राहते. मला ते बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. ती दोघं आनंदात आहेत. मला हेच हवं होतं, आणि हे मिळाल्याचं दुःख कोणाला सांगायचं ते मला माहीत नाही.

बाकी वेळ मी इथे असते. पुतळे काही झाले नाहीत. ताईनं बहुधा होऊ दिले नाहीत. लोक येतात, दोरीशी उभे राहतात, रिकामी खोली बघून जरा हिरमुसतात, पाटी वाचतात आणि पुढे जातात. माझा हात आता बरा चालतो. चुकलं की मनगट धरलं जातं, पण पूर्वीइतकं वरचेवर नाही.

आज एका शाळेची मुलं आली. पहिला भिंगरीचाच आवाज ओळखला, तिकिटाच्या खिडकीकडून. मग ती दोरीशी आली, लोंबकळली, पुढे गेली, परत आली. उंची वाढली आहे.

"इथे कोणीच का नाही बसवलं?" तिनं ताईला विचारलं.

"जागा बघ ना नीट," ताई म्हणाली.

तिनं बघितलं. मोठ्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतक्या सरळ माझ्याकडे बघितलं की मी गोटा खाली ठेवला. मी तिला नावानं हाक मारली, खऱ्या नावानं. तिनं डोकं जरा कलतं केलं आणि एक पाऊल दोरीच्या आत टाकलं.

शेजारचा आवाज थांबला. माझ्या मनगटावर हात नव्हता. तो हात कोणाच्या मनगटाकडे निघाला होता ते मला कळलं, आणि मी तोंड घट्ट मिटून घेतलं. तिच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही. मी गोटा उचलला आणि काचेवर मारला, जितका चांगला मला येतो तितका चांगला. आणि पुन्हा मारला.

"काही नाहीये इथे," भिंगरी म्हणाली, आणि पाऊल मागे घेऊन धावत सुटली. तिच्या बाई मागून ओरडत होत्या, अगं हळू, इथे पळायचं नसतं.

पळ, मी म्हटलं. मनातल्या मनात, ओठ न हलवता. पळ.